घाट, गाडी आणि गादी

भारतातली सगळ्यात प्रसिद्ध कॅरॅव्हॅन वाई तालुक्यात येऊन गेली आहे. २००४ च्या डिसेंबरात आशुतोष गोवारीकरांचा 'स्वदेस' आला. त्यात अमेरिकेहून आलेला मोहन भार्गव गावात सोयी नसतील या धास्तीनं दिल्लीत एक कॅरॅव्हॅन भाड्यानं घेतो आणि चरणपूर नावाच्या खेड्यात नेऊन उभी करतो. गोष्टीतलं गाव उत्तरेतलं, पण चित्रीकरण झालं मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ, कृष्णेच्या घाटावर. पुण्याहून दोन-अडीच तासांवर. त्या सिनेमातून देशानं ग्रामविकासाचा संदेश घेतला म्हणतात. कोथरूड ते सिंहगड रस्ता या पट्ट्यानं घेतली ती गाडी. गादी, पंखा, शेगडी, संडास, सगळं चाकांवर आणि खिडकीबाहेर डोंगर! पुस्तकांच्या दुकानात भेटलेली बाई नायकाला मुद्दाम चुकीचा रस्ता सांगते, हा भाग मात्र सोयीस्करपणे विसरला गेला.

तेव्हापासून पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी कुटुंब असं असतं, की ज्यांची कॅरॅव्हॅनची सहल 'जवळजवळ ठरलेली' असते. आपण कोथरूडमधलं घेऊ. काका बँकेतून निवृत्त. काकू शाळेतून निवृत्त, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. मुलगी आणि जावई हिंजवडीत, म्हणजे दिवसातला बराच वेळ हिंजवडीच्या रस्त्यावर. आजी ऐंशीच्या पुढच्या. भाचा न्यू जर्सीत. आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये एक लेखक, ज्याला 'तुम्ही लिहिता, म्हणजे तुम्हाला रस्ते माहीत असतील' या तर्कानं नियोजन समितीवर घेतलेलं. नाणेघाटातला शिलालेख ब्राह्मी लिपीत आहे हे या लेखकाला माहीत होतं. सातवाहनांच्या काळी जकात टाकायला ठेवलेला म्हणून जो दगडी रांजण तिथे दाखवतात, त्याच्यावर तो पाऊण तास बोलला. नाणेघाटातून चारचाकी खाली उतरत नाही, ही माहिती त्यानं पाऊण तास संपल्यावर दिली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतिहास विचारलात."

मुळात कॅरॅव्हॅनच का, याचं उत्तर काकूंकडे आहे. हॉटेलातली उशी त्यांच्या मानेला चालत नाही. हॉटेलातली चादर कोणाची याचा विचार त्यांना रात्रभर झोपू देत नाही. हॉटेलातला चहा चहाच नसतो. चार दिवस घराबाहेर पडायला त्यांची ना नव्हती. अट एकच, घर सोडायचं नाही.

भाच्यानं व्हिडिओ कॉलवर आगीत तेल ओतलं. तो नुकताच भाड्याची आरव्ही घेऊन ब्लू रिज पार्कवेवरून जाऊन आला होता. व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत डोंगरधारेनं जाणारा ७५५ किलोमीटरचा रस्ता. बांधायला घेतला १९३५ मध्ये, पूर्ण झाला १९८७ मध्ये. "बावन्न वर्षं?" काकांचा चेहरा खुलला. कात्रज-कोंढवा रस्त्याबद्दल त्यांच्या मनात प्रथमच थोडी माया दाटून आली. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, टोल नाही, जाहिरातींचे फलक नाहीत, मालवाहू ट्रक नाहीत. बोगदे २६, आणि प्रत्येकाची उंची आधीच छापून ठेवलेली. आपल्या गाडीची उंची मोजायची, आकडा ताडून पाहायचा आणि निघायचं.

"आणि वाटेत कोणी काही विचारत नाही?" काकूंनी विचारलं.

"कोणीच नाही, मामी."

"मग करमलं कसं तुम्हाला?"

काकांनी ब्लू रिजचा नकाशा टीव्हीवर लावला, शेजारी सह्याद्रीचा धरला आणि भूगोलानं पहिला घाव घातला. तिकडचा रस्ता डोंगराच्या लांबीनं जातो. आपले घाट डोंगर आडवा कापतात. देशावरचं धान्य कोकणातल्या बंदरांवर उतरवायचं आणि कोकणातलं मीठ वर आणायचं, यासाठी या वाटा पडल्या. देखावा बघायला कोणी पाडल्या नाहीत. माळशेज, बोरघाट, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली: सगळा नकाशा एखाद्या फणीचा. एका दातावरून शेजारच्या दातावर जायचं तर वर येऊन बंगळूर महामार्ग गाठायचा, नाहीतर खाली उतरून मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं.

काकांनी 'मुंबई-गोवा महामार्ग' हे शब्द उच्चारले आणि खोलीत काही क्षण कोणी बोललं नाही.

"म्हणजे एकच घाट," जावई म्हणाला. "उतरायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं."

तेवढ्यावर भागलं असतं तर ते पुणं कसलं? काका रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातात. मोटर कॅरॅव्हॅन कशी असावी याचं देशाचं प्रमाण, एआयएस-१२४, याच टेकडीवरच्या संस्थेनं प्रसिद्ध केलंय असं त्यांना कळलं. त्या दिवसापासून ते या विषयावर घरच्या माणसाच्या अधिकारानं बोलू लागले. जुनी मिनीबस विकत घ्यायची आणि ओळखीच्या सुताराकडून आत दोन पलंग ठोकून घ्यायचे, अशी त्यांची योजना होती. जावयानं मोबाइलवर कायदा काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलंय.

"पलंग म्हणजे काय रचना झाली का?"

"बाबा, संडास बसवणार ना?"

"बसवणार."

"मग झाली रचना."

तेव्हा भाड्यानं घ्यायचं ठरलं. आपल्याकडच्या बऱ्याचशा कॅरॅव्हॅन आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. ही कंपनी पूर्वाश्रमीची बजाज टेम्पो, मॅटॅडोर तिचीच. काकांचा ऊर भरून आला, कारण त्यांच्या लग्नाचं वऱ्हाड सांगलीला गेलं ते मॅटॅडोरमधून. "तेव्हाही तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होतात आणि मी मागे रुखवत धरून," काकूंनी आठवण पुरी केली.

परवान्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं आधीच सोडवून ठेवला होता. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात टनांपर्यंतची वाहतुकीची गाडीही चालवता येते, असा निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. घटनापीठानं काकांवर टाकलेला हा विश्वास काकूंनी तीन शब्दांत रद्द केला: "ड्रायव्हर घ्यायचा. बास."

महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्येच आणलंय. गाड्या कशा असाव्यात, त्या उभ्या करायला कॅरॅव्हॅन पार्क कसे असावेत, याचा त्यात विचार आहे. काकांनी ते धोरण छापून, पंच करून, पिवळ्या फाइलला लावलं आणि फाइलवर 'सहल (महत्त्वाचे)' असं लिहिलं. पुढचे कित्येक दिवस घरात कोणी टीव्हीचा आवाज मोठा केला, की ते फाइल उघडून बसत.

सोसायटीत गाडी एक रात्र उभी करायची, तर सभा घ्यावी लागली. सात मीटर लांब आणि अडीच मीटरपेक्षा उंच गाडी कोणाच्या पार्किंगमध्ये बसते, हा प्रश्न किरकोळ होता. सेक्रेटरींनी मूळ मुद्दा काढला. "राहायची सोय असलेली वस्तू आहे. वाहन धरायचं की सदनिका?" सदनिका धरली तर मेंटेनन्स लागेल. रात्री तिच्यात कोणी झोपलं नाही, तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतील. तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "आणि पाणी कोणत्या टाकीतून भरणार?" त्यानंतर सभेनं जे वळण घेतलं, त्यात १९९४ सालच्या बोअरवेलचा हिशेबसुद्धा निघाला. गाडी बाहेर रस्त्यावर लावावी, असं सर्वानुमते ठरलं. ती तिथे लावायला कोणाचीच परवानगी लागत नव्हती.

मग मुहूर्त. सह्याद्री सगळ्यात देखणा पावसाळ्यात, यावर दुमत नाही. पण २५ जुलै २०२४ ला चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी शिवाजीनगरात ११४ पडला, तर सिंहगड रस्त्यावर होड्या काढाव्या लागल्या. दरडींच्या भीतीनं वरंधा घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं बंद होतो, आधी अवजड गाड्यांना आणि अतिवृष्टीचा इशारा आला की सगळ्यांना. "आपली गाडी अवजड की हलकी?" मुलीनं विचारलं. "आई सामान किती घेते त्यावर," जावई म्हणाला आणि लगेच पाणी प्यायला उठला.

सप्टेंबरात कासला फुलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा झाली, त्यातलं कास एक. रोज ठरावीकच माणसं आत सोडतात, नोंदणी ऑनलाइन. पण त्याच दिवसांत गणपती, मग गौरी, मग पितृपक्ष (शुभकार्य नको), मग नवरात्र (घरात घट), मग दिवाळीची साफसफाई. डिसेंबरात महाबळेश्वर मुंबईकरांच्या ताब्यात. जानेवारी-फेब्रुवारीत लग्नं. मार्चमध्ये मार्चएंड, जो काका निवृत्तीनंतरही कडक पाळतात. एप्रिल-मे आंबे, त्यातही आढी लावलेली असताना घर सोडता येत नाही. जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे; पण काजवे अंधारात दिसतात आणि अंधारात काका गाडीतून उतरत नाहीत. जावयानं वैतागून कारवीच्या फुलांचा विषय काढला. ही फुलं सात-आठ वर्षांतून एकदाच बहरतात. तो चेष्टेत बोलला होता. काकांनी डायरी काढली.

अखेर दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्यामधले चार दिवस मोकळे सापडले. पंचांगात ते कसे राहून गेले, याचं काकूंना अजून नवल वाटतं.

घाट कोणता, यावर मात्र रक्तच सांडायचं बाकी होतं. काकूंना पसरणी हवा: वाईत ढोल्या गणपती, वर पाचगणी, जाता जाता मेणवली. मुलीला तापोळा, कारण तिथे शिवसागराच्या पाण्यावरून गाड्या तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात. गाडीचं वजन, तराफ्याची ताकद आणि पोहता येणाऱ्यांची संख्या मांडून काकांनी तो प्रस्ताव बुडवला. जावयाला वरंधा, वाघजाईपाशी मिळणाऱ्या भज्यांसाठी. आजींनाही वरंधाच, पण शिवथरघळीसाठी. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला असं मानतात. एकाच घाटाला भजी आणि अध्यात्म असा दुहेरी पाठिंबा मिळतोय हे बघून काका सावध झाले. शेजारच्या लेखकानं मढे घाट सुचवला. १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या तानाजींचा देह याच वाटेनं उमरठला नेला असं सांगतात; शिवाय धबधबा, दाट रान, गर्दी कमी.

"रस्ता कसा आहे?"

"पायवाट आहे."

लेखकाला त्यानंतर फक्त चहा देण्यात आला.

काकांनी ताम्हिणी जाहीर केला. कारण शास्त्रशुद्ध होतं: कोथरूडातून निघालं की पौड रस्ता, तोच पुढे मुळशी, तोच पुढे घाट, तोच खाली माणगाव. "एकच सरळ रस्ता. चुकायला जागाच नाही."

तरीही सगळ्यात लांबलेली चर्चा घाटाची नव्हती, संडासाची होती. अशा गाडीत चांगल्या पाण्याची एक टाकी असते, धुणीभांड्यांच्या पाण्याची दुसरी आणि उरलेल्या विषयाची तिसरी. अमेरिकेत ही तिसरी टाकी रिकामी करायला कॅम्पग्राउंडवर ठरलेली जागा असते. तिथे नळी जोडायची, झडप उघडायची, मोकळं व्हायचं. मुळशीत नळी कुठे जोडायची? काका भाड्यानं देणाऱ्याला फोनवर खोदून खोदून विचारत होते आणि तो "काही टेन्शन घेऊ नका, सर" एवढंच सांगत होता, त्यामुळे टेन्शन वाढत होतं. शेवटी संडास फक्त आणीबाणीत वापरायचा असं ठरलं.

"आणीबाणी कोण जाहीर करणार?" आजींनी विचारलं. १९७५ त्यांना चांगलं आठवत होतं.

ज्या सोयीसाठी गाडी घ्यायची, तीच सोय वापरायची नाही यावर कुटुंबाचं एकमत झालं. संपूर्ण नियोजनातला एकमतानं मंजूर झालेला ठराव एवढाच.

मुलीनं एक्सेलची शीट केली. वेळ, ठिकाण, अंतर, नाश्ता, पर्यायी नाश्ता, नेटवर्क आहे किंवा नाही, उलटीच्या गोळ्या कोणाला आणि कधी. काकांनी तिच्यात 'शेरा' नावाचा स्तंभ वाढवला आणि प्रत्येक ओळीपुढे 'चर्चा करणे' असं लिहिलं. आजी हे सगळं पलंगावरून बघत होत्या. ऐन उमेदीत त्यांनी माउलींच्या पालखीबरोबर वारी केली होती.

"आमची दिंडी निघायची," त्या म्हणाल्या, "तर ट्रकात तंबू, सतरंज्या, पातेली, शेगड्या, मागून पाण्याचा टँकर. दिवेघाट चढला की सासवड. मग जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. गाव आलं की तंबू ठोकायचा, पहाटे उपटायचा."

हा पालखी सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लावून दिला, अशी भर लेखकानं चहाचा कप खाली ठेवून घातली.

"आणि शीट कोण करायचं, आजी?" नातीनं विचारलं.

"शीट कशाला? मुक्काम जागचे हलत नाहीत. आम्ही हलायचो."

पण आजींचं ऐकायला कोणाला सवड नव्हती, कारण सामान भरणं सुरू झालं होतं. दोन कुकर, कारण एकाची शिट्टी बिघडली तर? मिक्सर, इन्व्हर्टरवर चालतो का ते पाहायला. खोबरेल तेल, बिब्ब्याचं तेल, एरंडेल. बाकरवडी दोन किलो, 'वाटेत कोणी भेटलं तर'. काकांचं बीपी मोजायचं यंत्र. कांदे, बटाटे, लसूण, आणि ते ठेवायला हवेशीर, कोरडी, कोणाच्या पायात न येणारी जागा. अशी जागा गाडीत एकच होती, आणि ती वापरायची नाही असं आधीच ठरलेलं होतं. बटाट्यांची पिशवी संडासात गेली.

पहाटे पाचला निघायचं होतं, म्हणून साडेआठला निघाले. सरळ रस्ता, चुकायला जागा नाही. कोथरूडातून दहा मिनिटांवर चांदणी चौक. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटानं पाडला. स्फोटानंतरही तो पुरता पडला नाही आणि उरलेला यंत्रांनी ओढून काढावा लागला. त्याच्या जागी रॅम्पा, सेवारस्ते आणि उड्डाणपुलांचं जे जाळं झालं, त्याचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला झालं. बार्शीचे ड्रायव्हरदादा निमूट चालवत होते. मोबाइलमधली बाई "डावीकडे राहा" म्हणत होती. काका "तिचं ऐकू नका" म्हणत होते. गाडी आधी बावधनात उतरली. मग मुंबईच्या दिशेनं बरीच पुढे गेली. तिथून वळून, एका रॅम्पवरून अतिशय डौलात, पुन्हा कोथरूडात आली. सोसायटीच्या वॉचमननं उठून सलाम ठोकला.

"आलात पण, साहेब?"

पौड मागे पडलं, मुळशीचं पाणी दिसू लागलं. हेच ते धरण, ज्याच्याविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांना 'सेनापती' केलं. लेखकाला मधल्या सीटवर घेतलं होतं, त्यामुळे ही माहिती सगळ्यांना मिळाली. पुढच्या एका गावात झाडाची सावली बघून गाडी थांबवली. काकूंनी पोह्यांची तयारी केली, काकांनी दार उघडून घडीची पायरी खाली सोडली.

पायरी टेकली आणि पाच मिनिटांत माणसं जमली. यात नवल नव्हतं. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका धावते, तीही बहुतेक ट्रॅव्हलरचीच. पांढरी गाडी, मागे दार, आत पलंग. गावानं सरळ अर्थ लावला.

"डाक्टर कुठं बसल्यात?" काठी टेकत आलेल्या एका आजींनी विचारलं.

"डॉक्टर नाहीत हो, आम्ही फिरायला आलोय."

"मंग बीपी तेवढं बघा."

बीपीचं यंत्र होतंच. काकूंनी एकीचं बघितलं, दुसरीचं बघितलं, आणि मग त्यांच्यातली शाळा जागी झाली. "रांग करा. बोलायचं नाही. ज्यांचं झालं त्यांनी त्या बाजूला बसा." रांग झाडापासून पारापर्यंत गेली. काका नावं आणि आकडे शीटमधल्या 'शेरा' या स्तंभात लिहू लागले. पोहे थंड झाले, कुकरची शिट्टी वाजली तशी रांगेतली दोन माणसं दचकली आणि त्यांचं बीपी पुन्हा घ्यावं लागलं.

काठीवाल्या आजी तोवर गाडीत डोकावून आल्या होत्या. "आत संडास बी हाय की."

"आहे, पण वापरायचा नाही," काकूंनी सांगितलं.

"आमच्यात बी सरकारी बांधून दिलाय. त्यात सरपण ठिवलंय."

काकूंनी बटाट्यांच्या दिशेनं न बघता पुढच्या माणसाला हात वर करायला सांगितलं.

घाट सुरू होण्याआधीच गाडी पुन्हा थांबली, कारण रस्ता मेंढ्यांनी भरला होता. दिवाळी झाली की देशावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाआधी परत चढतात. वाटेतले शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. कळपामागून घोडी निघाली होती. घोड्यावर अंथरुणं, अंथरुणांवर पातेली, पातेल्यांत कोंबड्या आणि सगळ्याच्या वर बांधलेलं एक वर्षाचं पोर, गाढ झोपलेलं. गाडीतली दोन मोठी माणसं उलटीची गोळी घेऊनही पिवळी पडली होती.

काकांनी खिडकी उघडली. "मुक्काम कुठे?"

"चारा असंल तिथं."

काकांनी शीट उघडली, 'ठिकाण' या स्तंभावर बोट ठेवलं, थोडा वेळ विचार केला आणि मोबाइल खिशात टाकला. नेटवर्क गेलं होतं.

खरा प्रसंग गुदरला तो वळणावर. समोरून एसटी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कुठल्याही घाटात एसटीनं मागे घेतल्याचं सहसा कोणी पाहिलेलं नाही. शिवाय ती चढत होती आणि नियमानं चढणाऱ्या गाडीला आधी वाट. म्हणजे सात मीटरचं घर उलटं न्यायचं. मराठी पुरुषाच्या आयुष्यात कर्तृत्व सिद्ध करायचे जे थोडे क्षण येतात, त्यात दुसऱ्याची गाडी मागे घ्यायला लावणं हा फार वरचा. काका खाली उतरले, जावई उतरला, लेखक उतरला, एसटीतून चौघे उतरले, दोन मोटारसायकलवाले थांबले.

"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!"

"डावीकडे मारा!"

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"बास, बास, बास! अजून थोडं!"

ड्रायव्हरदादांनी काचा वर केल्या, आरशात बघितलं आणि एका दमात गाडी बरोबर खाचेत नेऊन लावली. एसटी निघून गेली. उतरलेल्या प्रत्येकाला, हे आपल्यामुळे झालं, याबद्दल शंका नव्हती.

राहिला देखावा. घाटात ऊन खिडकीतून येत होतं, म्हणून काकूंनी पडदे ओढून घेतले होते. मुलगी ऑफिसचं काम ऑफलाइन उरकत होती. जावई बंकवर झोपला होता. आजी माळ ओढत होत्या. काका पडदा बाजूला करून उंची-खोलीचा अंदाज घेणार, तेवढ्यात त्यांना बोअरवेलच्या हिशेबासंदर्भात सेक्रेटरींना द्यायचं उत्तर सुचलं आणि ते फाइलच्या मागच्या बाजूला लिहू लागले. अख्खा ताम्हिणी नीट पाहिला तो ड्रायव्हरदादांनी, आणि त्यांना तो दर शनिवार-रविवारी दिसतो.

मुक्काम घाटाखाली नदीकाठी, तारे बघत, खुर्च्या मांडून असा ठरला होता. पण काकूंनी नेटवर्क येताच माणगावच्या मावसबहिणीला फोन केला. "सहज, खुशाली कळवायला," असं त्यांनी नंतर सांगितलं. मावसबहीण दहा मिनिटांत स्कूटरवर येऊन महामार्गावर उभी.

"मी इथे जिवंत असताना तुम्ही गाडीत झोपणार? शेजारी काय म्हणतील?"

सगळे मावसबहिणीकडे झोपले. उशी वेगळी होती, चादर वेगळी होती, चहात वेलची जास्त होती आणि काकूंची यातल्या कशालाच हरकत नव्हती. गाडीत मावसबहिणीची नातवंडं झोपली. त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र झोपले. एसी रात्रभर चालू राहिला, टीव्ही चालू राहिला, आणीबाणी बऱ्याच वेळा आणि कोणाच्याही परवानगीशिवाय जाहीर झाली. सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली होती. मेकॅनिक म्हणाला, संध्याकाळी बघतो. संध्याकाळी म्हणाला, उद्या पुण्याहून पार्ट मागवतो.

काका अंगणात खुर्ची टाकून शीटमध्ये नवीन ओळी घालत बसले. आत स्वयंपाकघरात मावसबहीण महाडच्या धाकट्या बहिणीशी फोनवर हलक्या आवाजात बोलत होती.

"हो गं, ताई आलीये पुण्याहून, सगळे आलेत. शेजारीसुद्धा आणलाय... नाही, नाही, बॅगा कसल्या, अख्खं घरच घेऊन आलेत... किती दिवस ते मी कसं विचारू? पण येताना बटाटेसुद्धा घरचे आणलेत, म्हणजे आठवडाभर तरी काही हलत नाहीत."